जिप्सीत १३०० सीसीचे इंजिन बसवताना कार्ब्युरेटर कोणता निवडावा

मारुती जिप्सीची पहिली पिढी ९७० सीसीच्या इंजिनावर चालत असे आणि पुढे आलेल्या जिप्सी किंगला १२९८ सीसीचे इंजिन मिळाले. त्यामुळे जुन्या जिप्सीचे इंजिन थकले की जिप्सी किंगचे किंवा सुरुवातीच्या, कार्ब्युरेटरवर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर) चालणाऱ्या मारुती एस्टीम कारचे आठ व्हॉल्व्हचे इंजिन मिळवून बसवण्याकडे ऑफ-रोडिंग करणाऱ्यांचा कल असतो. गिअरबॉक्सची जुळणी आणि माउंटिंग यांवर भरपूर खल होतो. कार्ब्युरेटर मात्र शेवटी, गॅरेजमध्ये जो हाताशी असेल तो चढवला जातो. (इंजिन क्रमांक बदलत असल्याने आरटीओची परवानगी आणि आरसीवरील नोंद हे काम इंजिन विकत घेण्यापूर्वीच मार्गी लावावे.)

निवडीची सुरुवात हवेच्या हिशेबाने करावी. फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढते, म्हणून १.३ लिटरचे इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त ३९०० लिटर हवा ओढेल. सिलिंडर प्रत्यक्षात ८० टक्क्यांच्या आसपास भरतात असे धरले, तर हा आकडा साधारण ३१०० लिटर, म्हणजे ११० सीएफएम (मिनिटाला घनफूट) होतो. कार्ब्युरेटरवर लिहिलेले सीएफएम वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अमेरिकी पद्धतीत दोन बॅरलचे (हवा जाण्याच्या नळ्यांचे) कार्ब्युरेटर ३ इंच पाऱ्याच्या दाबफरकावर मोजतात आणि चार बॅरलचे दीड इंचावर, त्यामुळे दोन बॅरलच्या ३५० सीएफएमची तुलना चार बॅरलच्या सुमारे २५० शी करावी लागते. गरजेपेक्षा मोठा कार्ब्युरेटर घेतल्यास व्हेंच्युरीतून, म्हणजे बॅरलच्या अरुंद गळ्यातून, हवेचा वेग कमी होतो, पेट्रोल बारीक थेंबांत नीट फुटत नाही आणि दगडांतून ८००–१२०० आरपीएमला रांगताना इंजिन अडखळते. ऑफ-रोड गाडीचे बहुतेक आयुष्य याच आरपीएममध्ये जाते, तेव्हा शंका असेल तेथे लहान आकार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न उताराचा आहे, आणि त्याचे उत्तर सीएफएमच्या आकड्यात मिळत नाही. फ्लोट चेंबर ही कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी; तिच्यातला तरंगता फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. सपाटीवर ही पातळी मुख्य नोझलच्या (व्हेंच्युरीत पेट्रोल सोडणाऱ्या नळीच्या) तोंडापेक्षा जेमतेम काही मिलिमीटर खाली असते. फ्लोट नोझलच्या पुढे ४० मिलिमीटरवर आहे असे समजा. गाडी ३० अंशांच्या चढावर नाक वर करून उभी राहिली की नोझल फ्लोटच्या तुलनेत २० मिलिमीटर खाली येते. पेट्रोल आपोआप व्हेंच्युरीत पाझरू लागते, आयडलिंग बिघडते, प्लग काळे पडतात आणि गाडी ऐन चढावर बंद पडते. फ्लोट नोझलच्या मागे असेल तर उलट घडते: चढावर पेट्रोल अपुरे पडते आणि उतरताना ओव्हरफ्लो होतो. म्हणून विकत घेताना झाकण उघडून फ्लोट पाहावा आणि त्याचे नोझलपासूनचे अंतर पट्टीने मोजावे. हे अंतर जितके कमी, तितका तो कार्ब्युरेटर आपल्या कामाचा. व्हेंच्युरीच्या दोन्ही बाजूंना दुहेरी फ्लोट असेल तर फारच उत्तम.

एस्टीमच्या इंजिनाबाबत येथेच एक मेख आहे. त्या गाडीत इंजिन आडवे बसते, जिप्सीत उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने. इंजिन ९० अंशांत फिरले की त्यावरचा कार्ब्युरेटरही फिरतो. जो फ्लोट चेंबर मूळ गाडीत पुढे किंवा मागे होता तो जिप्सीत बाजूला जातो, आणि मग चढावर ठीक चालणारी गाडी एका कुशीवर कलली की गुदमरते. मूळ मॅनिफोल्डवर (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या भागावर) कार्ब्युरेटर कोणत्या दिशेला बसेल हे प्रत्यक्ष ठेवून पाहिल्याशिवाय व्यवहार पक्का करू नये.

जुन्या ९७० सीसी इंजिनाचा कार्ब्युरेटर ॲडॅप्टर प्लेट लावून बसवता येतो आणि कमी वेगात तो ओढतोही चांगला, पण हायवेवर इंजिनाचा दम कोंडतो. जिप्सी किंगचा मूळ कार्ब्युरेटर चांगल्या स्थितीत मिळाला तर पहिली पसंती त्यालाच द्यावी. तो नसेल तर वेबर ३२/३६ हा जुना, माहितीतला पर्याय आहे. सुझुकी सामुराईवर, म्हणजे जिप्सीच्याच भावंडावर, परदेशात तो सर्रास बसवतात. त्यात आधी ३२ मिलिमीटरचा बॅरल उघडतो आणि ३६ चा नंतर, त्यामुळे रांगताना लहान बॅरलच काम करतो. त्याच्या स्वस्त नकला बाजारात भरपूर आहेत. थ्रॉटल शाफ्ट (हवेची झडप फिरवणारा दांडा) बोटांनी हलवून पाहावा आणि खुळखुळला तर परत करावा.

पेट्रोलच्या दाबाकडे दुर्लक्ष करू नये. वेबरला साधारण ०.२ बार दाब पुरतो. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीच्या टाकीतील पंप अडीच-तीन बार दाब देतो आणि फ्लोट चेंबरच्या तोंडावरचा नीडल व्हॉल्व्ह तो रोखू शकत नाही, म्हणून इंजिनावरचा मूळ यांत्रिक पंपच ठेवावा. टाकीकडे जाणारी रिटर्न लाइन बंद करू नये, आणि फ्लोट चेंबरची व्हेंट (हवेची वाट) एअर फिल्टरच्या आतच उघडेल असे पाहावे.

बसवून झाल्यावर गाडी पक्क्या चढावर चाकांना अडण लावून उभी करावी, एअर फिल्टर काढून इंजिन आयडलिंगवर पाच मिनिटे चालू ठेवावे आणि टॉर्चच्या उजेडात नोझलमधून थेंब पडतो का ते सुरक्षित अंतरावरून पाहावे. अग्निशामक हाताशी हवाच. हीच तपासणी नाक खाली करून आणि दोन्ही कुशींवर करावी. थेंब पडत असेल तर फ्लोटची पातळी एक-दीड मिलिमीटर उतरवून पुन्हा पाहावे. त्यानंतर सपाटीवर पूर्ण थ्रॉटलला इंजिन उपाशी पडत नाही ना, याची खात्री करावी. जेटचे (पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यांचे) काम सर्वांत शेवटी. सह्याद्रीच्या घाटांसाठी वेगळे जेट लागत नाहीत, पण लेहच्या ३५०० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच उरते, म्हणून तिकडे जाणाऱ्याने लहान मापाचे मुख्य जेट सोबत न्यावेत.