हापूसच्या मोहोरावर फवारणी: ड्रोनची बॅटरी कशी पुरवावी

मोहोर फुटला की तुडतुडे (रस शोषणारे किडे) आणि भुरी (पांढरी बुरशी) यांच्यासाठीच्या फवारण्या मागोमाग येतात. 10 लिटरची भरली टाकी घेऊन बॅटरी जेमतेम दहा-बारा मिनिटे टिकते, आणि त्यातलाही बराच वेळ चढण्यात, परतण्यात आणि पुढचे कलम, म्हणजे आंब्याचे झाड, कोणते हे हवेत थांबून ठरवण्यात जातो.

हे थांबणे सगळ्यात महाग. भरल्या टाकीसह 24 किलोचा ड्रोन हवेत स्थिर ठेवायला जेवढी वीज लागते, त्याच्या साधारण 70 टक्क्यांत अर्ध्या टाकीचा, 19 किलोचा, तरंगतो. म्हणून कलमांचा क्रम आदल्या दिवशी बाग फिरून ठरवा. वर गेल्यावर घोळ झालाच तर खाली उतरा, मग विचार करा. टाकीही त्या फेरीला लागेल तेवढीच भरा. दोन लिटर औषध बागेवरून फिरवून परत आणण्यात काय हशील?

उतारावरच्या बागेत ड्रोन वरच्या अंगाने उडवा. भरलेला खाली जाईल, रिकामा वर येईल. पाण्याचे पिंप वर चढवायला त्रास होतो खरा, पण तो दिवसातून एकदाच. खालून उडवलात तर प्रत्येक फेरीला दहा किलो पाणी बॅटरीच वर चढवते.

वेळ सकाळची, दव सुकल्यापासून खारे वारे सुटेपर्यंत. वारा वाढला की जागा धरून राहायला पंखे जास्त राबतात आणि फवाराही शेजारच्या बागेत जातो. जानेवारीत रात्रभर गाडीत राहिलेली गार बॅटरी भार येताच व्होल्टेज टाकते. ती घरात ठेवा.

नोझलचा, म्हणजे फवारा सोडणाऱ्या तोटीचा, बॅटरीशी काय संबंध, असे वाटेल. मिनिटाला 2 लिटर सोडणारा पंप 10 लिटर 5 मिनिटांत संपवतो. चारपैकी एक नोझल तुंबून प्रवाह दीड लिटरवर आला, तर तेवढ्याच औषधाला पावणेसात मिनिटे लागतात. विहिरीच्या पाण्यात लाल माती असतेच, तेव्हा पाणी गाळूनच टाकीत घाला. पंख्याची कड फांदीला लागून कपची उडाली असेल तर पंखा बदला. थरथर आणि वीजखर्च दोन्ही वाढतात.

12 सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरी संचाला भारावर, म्हणजे उडताना, 43.2 व्होल्ट, म्हणजे सेलमागे 3.6, दिसले की उतरवा. उतरल्यावर आकडा पुन्हा वर चढतो. त्याला भुलून आणखी एक फेरी मारणारेच हंगामाच्या मध्यात नवा संच शोधत फिरतात. पूर्ण चार्ज होऊनही सेलांमध्ये 0.1 व्होल्टपेक्षा जास्त फरक राहिला तर तो संच उडवू नका. गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, तापल्या कातळावरही ठेवू नका. सावलीत हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. तेवढ्यात काम अडू नये म्हणून निदान तीन संच हवेत. 22 अँपिअर-तासाचा 12 सेलचा संच सुमारे एक युनिट वीज घेतो. तासाभरात दोन भरायचे तर जनित्र 3 किलोवॅटचे घ्या.

खाऱ्या हवेत कनेक्टरवर हिरवट थर चढतो. तिथे विजेला रोध वाढतो, कनेक्टर तापतो आणि उड्डाण आखडते. रोज कोरड्या फडक्याने पुसा, काळवंडलेला बदला. हंगाम संपला की बॅटरी सेलमागे 3.8 व्होल्टवर आणून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात महिन्याने एकदा व्होल्टेज तपासा. फुगलेला संच मात्र या डब्यात नको. तो घराबाहेर, वाळूच्या बादलीत.