काखेतलं गळू पुन्हा पुन्हा चिरून घेताय? शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर या चुका टाळा

ड्रेसिंगच्या टेबलावर येऊन बसली तरी त्या मुलीचा उजवा हात अंगापासून सुटेना. "सिस्टर, याच काखेत चार वेळा चीर दिलीय. दर वेळी सांगतात, आता बरं होईल." हळूहळू हात वर घेतला. जुन्या चिरांचे व्रण दोरीसारखे वर आलेले, मधे जोडीजोडीनं काळे ठिपके. एका भोकाशी गॉज टेकवून जरासं दाबलं, तर पू आला तीन बोटं लांबच्या दुसऱ्याच भोकातून. तिला वाटत होती ती चार गळवं नव्हतीच. कातडीखाली एकच बोगदा होता आणि त्याला चार तोंडं फुटली होती.

या आजाराचं नाव हायड्राडेनायटिस सपुराटिव्हा. आपल्याकडे काखमांजरी, केसतूड, बेंड अशा नावांखाली तो वर्षानुवर्षं लपून राहतो. 1854 साली व्हेर्नय या फ्रेंच सर्जननं तो घामाच्या ग्रंथींशी जोडला, नावही त्यावरूनच पडलं. पण सुरुवात होते केसाच्या मुळाशी. मुळाचं तोंड बुजतं, ते आतल्या आत फुटतं, दाह पसरतो आणि कातडीखाली पुवाचे मार्ग तयार होतात. काख, जांघ, स्तनांखालची घडी, ढुंगण, म्हणजे जिथे कातडीला कातडी घासते तिथे. हा आजार अस्वच्छतेमुळे होत नाही आणि कुणाला लागतही नाही. हे मी प्रत्येकीला सांगते, कारण दिवसातून तीनदा साबणानं काख घासून ती सोललेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

चीर दिली म्हणजे शस्त्रक्रिया झाली असं समजू नका

सगळ्यात मोठी चूक हीच. ठणका असह्य झाला, गळू टपोरं झालं, तर चीर देऊन पू काढावाच लागतो आणि त्या रात्री झोपही लागते. पण पू वाहून गेला तरी त्या पोकळीची भिंत तिथेच राहते, म्हणून गळू जवळजवळ हमखास परत येतं. त्याच जागी दुसऱ्यांदा आलं की पुढची चीर घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. हे निदान व्हायला सरासरी सात-दहा वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात साधी गाठ बोगद्यापर्यंत पोहोचते.

जाताना सगळे जुने कागद न्या आणि "हर्ली स्टेज कोणती?" असं सरळ विचारा. ही प्रतवारी 1989 पासून वापरात आहे. पहिल्या टप्प्यात सुट्या गाठी असतात, बोगदे आणि व्रण नसतात. दुसऱ्यात गाठी परत परत येतात, बोगदे तयार होतात, पण मधे चांगली कातडी शिल्लक असते. तिसऱ्यात सगळा भागच एकमेकांत गुंतलेला. कोणती शस्त्रक्रिया करायची हे बरंचसं यावर ठरतं.

एखाद-दुसरा बोगदा असेल तर त्याचं छप्पर काढतात. जागा बधिर करून भोकात बोथट सळई घालायची, ती जाईल तिथवर वरची कातडी कापून काढायची, आतला चिकट थर खरवडायचा आणि तळ तसाच ठेवायचा. याला डीरूफिंग म्हणतात. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाता येतं. भागच गुंतलेला असेल तर आजारी कातडी आणि तिच्याखालची चरबी रुंद कापून काढावी लागते.

"टाके घालून बंद करून टाका" असा हट्ट धरू नका

लग्न ठरतंय, व्रण लहान हवा, जखम उघडी नको. घरच्यांचं हे म्हणणं मला समजतं. पण जखमेच्या कडा ओढून जुळवता याव्यात म्हणून कमी कापलं, तर आजार कडेला शिल्लक राहतो. 2015 साली आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात रुंद कापल्यावर आजार परत येण्याचं सरासरी प्रमाण 13 टक्के होतं, थोडंच कापल्यावर 22 आणि डीरूफिंगनंतर 27. रुंद कापून थेट टाके घातलेल्यांमध्ये 15 टक्के, शेजारची कातडी फिरवून आणलेल्यांमध्ये (फ्लॅप) 8, दुसरीकडची कातडी काढून लावलेल्यांमध्ये 6. या सरासऱ्या आहेत, तुमच्या काखेचं भविष्य त्यात लिहिलेलं नाही. तरी किती कापायचं ते आधी ठरवू द्या, ते झाकायचं कसं हा प्रश्न नंतरचा.

झाकायच्या वाटा तीन. जखम उघडी ठेवून आपोआप भरू देणं, मांडीची पातळ कातडी काढून लावणं, किंवा फ्लॅप. फ्लॅप म्हणजे शेजारची कातडी तिच्या रक्तपुरवठ्यासकट फिरवून आणणं. काखेसाठी ती बहुधा पाठीच्या बाजूनं घेतात. ही कल्पना आपल्याला परकी नाही. पुण्याजवळ एका कुंभारानं कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाची कातडी वळवून नव्यानं घडवलं होतं आणि 1794 साली त्याचा वृत्तांत लंडनच्या मासिकात छापून आला. फ्लॅप जाड असतो, म्हणून सहसा आकसत नाही आणि हात लवकर मोकळा होतो. पातळ कातडी आकसते.

उघडी जखम बघून पुष्कळ जण घाबरतात. काखेतली मोठी जखम भरायला दोन-तीन महिनेही लागू शकतात. तळ लाल, दाणेदार दिसत असेल, धक्का लागला की किंचित रक्त येत असेल, तर जखम चांगली भरते आहे. हळद, तूप, पोटीस, कुणी सांगितलेली पूड यातलं काहीही त्यावर घालू नका. गॉज चिकटला तर ओढू नका, सलाइननं भिजवून पाच मिनिटं थांबा, सुटतो.

मांडीच्या जखमेची आठवण ठेवा

कातडी लावलेल्या बहुतेकांची तक्रार काखेची नसते. "सिस्टर, मांडीच जास्त आग करते." बरोबर आहे, कातडी काढल्यावर तिथल्या नसांची टोकं उघडी पडतात. मांडीवरची पट्टी दहा-पंधरा दिवसांत वाळते आणि कडेनं सुटायला लागते. सुटेल तेवढीच कात्रीनं कापायची. एकानं घरी आंघोळ करताना ती एका झटक्यात ओढली आणि भरत आलेली मांडी पुन्हा रक्तबंबाळ करून घेतली. पट्टीला वास आला, खालून हिरवट पाणी झिरपलं किंवा ताप आला, तर मात्र तारखेची वाट न बघता लगेच या.

औषधं मनानं बंद करू नका, मनानं सुरूही करू नका

शस्त्रक्रियेनं ती जागा साफ होते, आजाराची प्रवृत्ती जात नाही. या आजारात क्लिंडामायसिन आणि रिफॅम्पिसिन ही दोन प्रतिजैविकं एकत्र देतात, साधारण दहा आठवडे. रिफॅम्पिसिन हे क्षयाचं औषध. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून ते पुन्हा आणलं आणि शरीरात क्षय लपलेला असला, तर त्याचे जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. अ‍ॅडालिमुमॅब या दाह कमी करणाऱ्या इंजेक्शनाआधीही क्षयाची तपासणी व्हायलाच हवी. हे इंजेक्शन चालू असेल तर ऑपरेशनच्या भीतीनं परस्पर बंद करू नका. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 206 रुग्णांवरच्या चाचणीत ते शस्त्रक्रियेच्या काळात चालू ठेवूनही जखमेत संसर्ग वाढल्याचं दिसलं नाही. निर्णय तुमच्या डॉक्टरांचा, पण विचारा.

आणि तंबाखू. विडी-सिगारेटचा या आजाराशी जवळचा संबंध आहे. मिश्री लावणाऱ्या बायका "मी कुठे ओढते?" म्हणतात, पण निकोटिन तिच्यातूनही रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि फ्लॅपची कड काळी पडते. किमान चार आठवडे आधी सोडा. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणा.

हात पोटाशी धरून बसू नका

दुखतं म्हणून हात अंगाला चिकटवून ठेवला, तर काखेत कातडीचा ताणलेला पडदा तयार होतो आणि मग वेणी घालणंही जमत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की भिंतीसमोर उभं राहा आणि बोटांनी मुंगीसारखं वर चढा. आज पोहोचलात तिथे पेन्सिलीनं खूण करा, उद्या खुणेच्या वर. रात्री हात उशीवर बाजूला पसरून झोपा. लावलेली कातडी पक्की झाली की खोबरेल तेलानं चोळा. तिला स्वतःचं तेल नसतं, कोरडी पडून ती तडकते.

विम्याचा दावा कधी "सौंदर्यासाठी केलेली प्लास्टिक सर्जरी" म्हणून अडतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर आजाराचं पूर्ण नाव, टप्पा आणि कापलेल्या भागाचं माप लिहून घ्या. सरकारी योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी भेटा.

कापलेली कातडी तपासणीला गेली का, हेही विचारा. ढुंगणाच्या किंवा गुदद्वाराजवळच्या अनेक वर्षं वाहणाऱ्या जखमेत क्वचित कॅन्सर निघतो, आणि तो कळतो या तपासणीतच. टाके काढायला याल तेव्हा रिपोर्ट सोबत घेऊन या. तो न्यायलाच कुणी येत नाही आणि पाकीट काउंटरवर पडून राहतं.