बेळगावात नवीन आलाय? गावात फिरायला जुन्या पद्धतीची सायकल घ्या, पण नीट बघून घ्या

नोकरीला नाहीतर शिकायला बेळगावात आलेले बरेच जण आल्या आल्या विचारतात की सेकंडहँड गाडी कुठं मिळेल, आणि मी प्रत्येकाला हेच सांगतो की आधी सायकल घ्या, गाडीचं सहा महिन्यांनी बघू. मी मूळचा कराडचा, इथं येऊन बरीच वर्षं झाली, टिळकवाडीत राहतो, काम उद्यमबागेत, आणि जाणं-येणं अजून दांड्याच्या काळ्या सायकलवरच. टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, खडेबाजार, कॅम्प सगळं जवळजवळ आहे, आणि गणपत गल्लीत शनिवारी बाजाराच्या दिवशी चारचाकी तर सोडाच, टू-व्हीलर लावायलासुद्धा जागा मिळत नाही, सायकल मात्र कुठंही भिंतीला टेकते. मच्छेला व्हीटीयूपर्यंत, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठापर्यंत, रोज जायचं असेल तर बस बरी, हायवेला सायकल घालू नका. हे सगळं गावातल्या गावात फिरणाऱ्यांसाठी आहे.

आता सायकल कुठली. हल्ली ऑनलाईन व्हिंटेज लूकच्या सायकली दिसतात, तपकिरी सीट, पुढं बास्केट, क्रीम कलरचे टायर, फोटोत फार छान दिसतात आणि किंमत दहा-बारा हजारांच्या पुढं. माझं मत स्पष्ट आहे, तो लूक हवा असेल तर खरीच जुन्या पद्धतीची घ्या, हीरो, अ‍ॅटलस, एव्हॉन, हर्क्युलिस, साधी रोडस्टर, म्हणजे माझ्यासारखी दांड्याची काळी. हीरो १९५६ पासून लुधियानात सायकली बनवते, हर्क्युलिस आणि बीएसए बनवणारी टीआय सायकल्स १९४९ ची मद्रासची, आणि एवढी वर्षं या साध्या मॉडेलचं माप फारसं बदललेलं नाही, त्यामुळं एकीचा पार्ट दुसरीला बऱ्याचदा बसतो. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला म्हणून तिची जुनी सायकल घ्यायला घाबरू नका, पार्ट मिळतात.

टायरचं तेवढं लक्षात ठेवा. रोडस्टरचा टायर २८ × १½, दुकानदार नुसतं अठ्ठावीस दीड म्हणतात. नवीन फॅन्सी सायकलींना बऱ्याचदा ७००सी असतो, त्यालाही लोक अठ्ठावीसच म्हणतात पण दोन्ही वेगळे, रोडस्टरच्या रिमचं टायर बसतं तिथलं माप ६३५ मिलीमीटर आणि ७००सीचं ६२२, एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. अठ्ठावीस दीड कुठल्याही गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडं मिळतो, ७००सीसाठी मोठ्या दुकानात जावं लागतं.

उंचीचं बघा, लोक हेच बघत नाहीत आणि मग गुडघे दुखतात. जेन्ट्स फ्रेम साधारण २२ आणि २४ इंचात येते. दांड्याच्या दोन्ही बाजूला पाय टाकून उभं राहा, दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकून दांड्यात आणि तुमच्यात इंच-दोन इंच जागा राहिली पाहिजे. साडेपाच फुटाच्या आतबाहेर असाल तर २२ च बघा. बुटक्यांना आणि साडी-पंजाबी ड्रेसवाल्यांना बिनदांड्याची लेडीज उत्तम, नुसती उंची कमी असेल तर जुनी बीएसए एसएलआरही चालेल, तिची चाकं २६ ची, हलकी पळते.

जुनी घेताना मी पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, आणि त्याच्या वरचा जोड आधी बघतो. पुढच्या दांड्यांचा जोड असतो ना हँडलच्या खाली, तिथं खालच्या बाजूनं बोट फिरवा, पत्रा सुरकुतलाय किंवा रंग तडकलाय असं वाटलं तर ती सायकल समोरून धडकलीय, सोडून द्या, कितीही स्वस्त देऊ देत. मग मागं चार पावलं जाऊन बसून बघा, दोन्ही चाकं एका ओळीत दिसली पाहिजेत. मग पॅडल आडवं करून क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, हातानं जोरात पुढं-मागं हलवा, टक्‌टक्‌ आवाज आला तर तो दांडा घट्ट धरणारी कॉटर पिन गेलीय, ते स्वस्तातलं काम आहे, पण त्यावर भाव पाडून घ्या. चाकाच्या बेअरिंगच्या वाट्या आणि छर्रे गेले असतील तर चाक हातानं फिरवल्यावर खरखर जाणवते, तेही बदलता येतं. फ्रेम आणि चिमटा बदलत बसू नका, बाकी सगळं बदलता येतं.

ब्रेकवर जरा थांबतो कारण आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस कसा पडतो ते नवीन माणसाला माहीत नसतं. रोडस्टरला तारेऐवजी सळईचे ब्रेक असतात, लिव्हर ओढला की सळई वर जाते आणि रबर रिमला आतल्या बाजूनं, खालून वर घासतं. त्यामुळं रिम थोडी डावी-उजवीकडं आऊट असली तरी चालतं, वर-खाली आऊट असेल तर मात्र ब्रेक धरताना हिसके बसतात, चाक फिरवून नुसतं डोळ्यांनी बघा. स्टीलची रिम ओली झाली की ब्रेक लगेच धरत नाही, आधी पाणी पुसलं जातं आणि मग पकड येते, म्हणून पावसात नेहमीपेक्षा लांबूनच हळूहळू दाबायला सुरुवात करा. कपिलेश्वरच्या पुलावरून उतरताना हे विसरू नका, आणि रेल्वे गेटला रूळ ओले असतील तर तिरके घालू नका, सरळ काटकोनात ओलांडा नाहीतर खाली उतरून ढकला. फुल चेनकव्हर असलेली मिळाली तर सोडू नका, तांबडा चिखल चेनपर्यंत पोचत नाही आणि पँटही वाचते.

भावाचं म्हणाल तर चालू स्थितीतली जुनी दीड-दोन हजारापासून तीनपर्यंत मिळायला पाहिजे, त्याच्या वर कुणी मागत असेल तर नवीन साधी रोडस्टरच बघा, थोडे जास्त जातील पण जिवाला घोर नाही. दुकानदार कन्नड बोलणारा असेल तर "एष्टु री अण्णा" (किती हो अण्णा) म्हणून सुरुवात करा, पुढचं तो स्वतःच मराठीत बोलेल, आणि "स्वल्प कम्मी माड्री" म्हटलं की हसून शे-दीडशे तरी कमी करतोच. माणसं चांगली आहेत इथली, घाई करू नका, दोन-चार ठिकाणी बघा, बसून चहा घ्या.

चिठ्ठी मात्र लिहून घ्याच. फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो, सीटच्या खाली नाहीतर पॅडलच्या वाटीच्या खालच्या बाजूला, तो चिठ्ठीवर उतरवून विकणाऱ्याची सही घ्या, चोरीची निघाली तर भानगड तुमच्या अंगावर नको. कुलूप चाकात अडकवू नका नुसतं, फ्रेम आणि खांब दोन्हीतून साखळी घाला.

देखभाल फारशी नाही, चेनला आठवड्याला थोडं तेल, हवा कडक, आणि वर्षातून एकदा संपूर्ण ओव्हरहॉलिंग. ते पाऊस ओसरल्यावर करायचं, पण खंडेनवमीच्या आधी सगळे सायकली-गाड्या घेऊन रांगेत असतात, म्हणून गणपती विसर्जन झालं की त्याच आठवड्यात नेऊन टाका.