माल जवळ असेल तर रंगनाथन स्ट्रीट नको

विटा-आटपाडीकडची पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या, कामाला चेन्नईत आली की आधी सावकारपेठेत गावच्या कुणाकडे तरी टेकतात. मग एखाद्याला टी. नगरला पाठवतात. तिथलं स्टेशन मांबलम.

सेंट्रलला उतरलात की शेजारीच मूर मार्केटचं लोकलचं स्टेशन दिसेल. तिथं घुसू नका, त्या गाड्या अरक्कोणम, गुम्मिडीपुंडीकडं जातात. भुयारी मार्गानं रस्त्यापलीकडं ‘पार्क’ स्टेशनला या आणि तांबरमकडची लोकल धरा. पाचवं स्टेशन मांबलम. परतताना ‘बीच’ची गाडी. बीच म्हणजे बंदरासमोरचं स्टेशन, पोहायचा किनारा नव्हे. आमचा मावसभाऊ टॉवेल घेऊन गेला होता.

तिकीट 5 रुपयांपासून. पास काढा. 2025 पासून एसी लोकलही आहे, पण इथं आल्यावर पहिले सहा महिने तिच्याकडं बघू नका.

ही लाईन जुनी. 11 मे 1931 ला बीच ते तांबरम विजेची गाडी सुरू झाली, तीही मीटरगेजवर, म्हणजे मीटरभर रुंदीच्या रुळांवर. मी आलो तेव्हा तीच होती. 1 जुलै 2004 ला शेवटची धावली. मिरज-पंढरपूरची छोटी गाडी बघितलेल्या माणसाला तिचं काय कौतुक!

आता खरं सांगायचं ते. मांबलमला पूर्वेला उतरलं की समोरच रंगनाथन स्ट्रीट. कपडे, भांडी, बॅगा, आणि दिवाळीआधी पाय ठेवायला जागा नाही. 2009 साली अशाच गर्दीतून शेठची साठ ग्रॅमची सोन्याची लगड घेऊन निघालो. पिशवी खांद्याला, हात पिशवीवर. दुकानात पोचलो तर पिशवीचं बूड ब्लेडनं कापलेलं. शेठनं पोलिसात दिलं नाही, पगारातून कापून घेतलं. अडीच वर्षं. गावाकडं आईला वाटायचं, पोरगं मद्रासला जाऊन बिघडलं, पैसे पाठवत नाही.

तेव्हा माल कमरेला बांधायच्या कापडी कशात, आतून. सोबत दुकानाची चिठ्ठी. आणि वाट स्कायवॉकची. 2023 ला झालाय, सुमारे 570 मीटर, स्टेशनच्या पुलावरून थेट टी. नगरच्या बस टर्मिनसपर्यंत. लिफ्ट आहे, सरकता जिना आहे. तरी आपली पोरं खालूनच जातात, का तर शर्ट बघायचे असतात. शर्ट रविवारी बघा, रिकाम्या हातानं.

तमिळ शिका. वीस वर्षं इथं राहून ‘तण्णी’पलीकडं (म्हणजे पाणी) न गेलेले आपलेच लोक मला माहीत आहेत, आणि तेच इथल्या माणसांना तुसडे म्हणतात. ‘अण्णा’ म्हणून विचारलं तर रस्ता दाखवायला माणूस चार पावलं सोबत येतो.

पावसाचं गणितही उलटं आहे. आपल्याकडं कृष्णेला पाणी चढतं जुलै-ऑगस्टात. इथं खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. टी. नगर वसलं तेच जुना तलाव बुजवून, त्यामुळं पाणी तुंबतं. त्या दिवसांत जवळचा दुरैसामी सबवे, म्हणजे रुळांखालचा रस्ता, भरला की तिकडनं रिक्षा करू नका, स्टेशनच्या पुलावरूनच पलीकडं जा.