पिल्लू लीश लावली की अडून बसतं? या चुका टाळा

"ताई, आमचं पिल्लू फार हट्टी आहे हो. लीश लावली की फतकल मारून बसतं." दर आठवड्याला कुणाचा तरी हा फोन असतोच. लीश म्हणजे पिल्लाला फिरवायची दोरी. मी रस्त्यावरची कुत्र्यांची पिल्लं घरी सांभाळते आणि मोठी करून चांगल्या घरी देते. इतक्या वर्षांत हट्टी म्हणावं असं पिल्लू माझ्या हाताखालून गेलेलं नाही. घाबरलेली मात्र खूप गेली. मानेला ओढ बसली की पिल्लू उलट्या दिशेला जोर लावतं, हा त्याच्या शरीराचा धर्म आहे. तुम्ही आणखी ओढलंत की ते आणखी रुतून बसणार.

म्हणून ओढत नेणं ही सगळ्यात मोठी चूक. दुसरी तिच्याच जोडीची: 'वाढत्या अंगाचा' सैल पट्टा. गणवेश घ्यावा तसा लोक पट्टा घेतात. या दोन चुका एकत्र आल्या की काय होतं, ते मी गोटीच्या वेळी पाहिलं.

गोटी तीन महिन्यांची, तांबूस रंगाची, आपली देशी. देताना मी बजावून सांगितलं होतं, पंधरा दिवस लीश घरातच. तिसऱ्याच दिवशी मुलांनी हट्ट धरला आणि घरचे तिला संध्याकाळी सात वाजता थेट हमरस्त्यावर घेऊन गेले. बसचा हॉर्न वाजला, गोटी बसली, दादांनी ओढलं. तिने मान खाली घालून मागे रेटा दिला आणि पट्टा कानांवरून सुटून दादांच्या हातात आला. देशी पिल्लाचं डोकं निमुळतं, सैल पट्टा त्यावरून सहज निघतो. ती उभ्या टेम्पोखाली शिरली.

मी उकडलेली कलेजी घेऊन पोचले. सगळ्यांना लांब उभं केलं, टॉर्च बंद करायला लावले, हाका थांबवल्या आणि रस्त्यावर पालथी पडून राहिले. अडीच तासांनी ती सरपटत माझ्या हातापाशी आली. डांबरावर फरफटल्यामुळे पुढच्या दोन नखांतून रक्त येत होतं. त्यानंतर लीशच्या हुकाचा 'खट्' आवाज आला तरी ती जागच्या जागी शू करायची. तो आवाज तिच्या मनातून काढायला दीड महिना लागला. रोज जेवणाआधी दहा वेळा हुक वाजवायचा आणि दर वेळी एक तुकडा द्यायचा, बाकी काही नाही.

माझी पद्धत अशी. छातीवर नीट बसणारा हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्टा, घ्यायचा. पट्टा असलाच तर खाली दोन बोटं जातील इतकाच घट्ट, आणि दर आठवड्याला तपासायचा, कारण पिल्लू भराभर वाढतं. पाच फुटांची हलकी सुती दोरी, हाताचा फास कापून टाकलेली, म्हणजे टेबलाच्या पायात अडकत नाही. ही दोरी लावून त्याला तुमच्यासमोर घरात खेळू द्या, जेवू द्या. चार-पाच दिवसांनी टोक हातात घ्या, पण दोरी ढिलीच ठेवा. पिल्लू बसलं तर तुम्हीही बाजूला उकिडवे बसा, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका. ते आपणहून एक पाऊल पुढे आलं की तुमच्या गुडघ्यापाशी खाऊ द्या. मग जिना, मग सोसायटीचं आवार, आणि रस्ता सगळ्यात शेवटी.

'तीन दिवसांत पिल्लू शिकवा' असे व्हिडिओ पाहून चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी, आणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पग किंवा पॉमेरेनियनच्या गळ्यावर तर साध्या पट्ट्याचीही ओढ नको, त्यांची श्वासनलिका आधीच नाजूक असते.

लोखंडी साखळी नको, तिचं वजनच पिल्लाला जड होतं. आपोआप गुंडाळणारी लीश नको: ती सतत ताणलेली असते, आणि मूठ हातातून पडली की खडखडत पिल्लाच्या मागे लागते. लांबून बिस्कीट दाखवून बोलावू नका. उन्हाळ्यात तळहाताची मागची बाजू सात सेकंद डांबरावर ठेवून पाहा. तुम्हाला चटका बसला तर पिल्लाला उतरवू नका.

आणि लसीकरणाबद्दल. डोस साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे तुमचे डॉक्टर हो म्हणेपर्यंत जमिनीवर फिरवणं नको. पण म्हणून घरात कोंडूनही ठेवू नका. जगाची भीती बसायची की नाही, ते याच आठवड्यांत ठरतं. कडेवर घ्या आणि रोज दहा मिनिटं फाटकाशी उभे राहा. रिक्षा, भाजीवाल्याची आरोळी, शाळेतून येणारी पोरं, सगळं त्याला तुमच्या कुशीतून बघू दे.