वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर आधी प्रथिने, मग भाकरी

बेरियाट्रिक शस्त्रक्रियेनंतर जठर एवढे लहान होते की चार घासांतच पोट भरते, आणि ते घास भाकरीचे असतील तर प्रथिनांना जागाच उरत नाही. साधारणपणे दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे सांगितले जाते. तुमचा नेमका आकडा मात्र तुमच्या डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी ठरवावा, विशेषतः मूत्रपिंडाचा विकार असल्यास.

खान्देशात आजारी माणसाला वरणाचे वरचे पाणी मायेने पाजतात, पण त्यात प्रथिने फारच थोडी असतात. त्याऐवजी, मऊ आहार सुरू झाल्यावर, घट्ट शिजवून घोटलेली उडदाची डाळ तिखट-तेल कमी ठेवून द्यावी. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, तर १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. दूध पचत असेल तर कपभर दुधात दोन मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळावी. प्रमाण न वाढता सुमारे ५ ग्रॅमची भर पडते. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो खरा, तरी ती ताटातील शेवटचा पदार्थ असावी. शेवभाजीतील शेव तळलेली असल्याने ती प्रथिनांच्या हिशोबात धरू नये.

जेवताना पाणी पिऊ नये, आणि जेवणानंतरही अर्धा तास थांबावे. केस फार गळणे, पायांवर सूज किंवा सततचा थकवा दिसल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.