अपूर्णांकांचं त्रैराशिक: तिरकस गुणाकाराआधी मांडणी

होळीच्या आदल्या संध्याकाळी माझी भाची वही घेऊन ओट्यापाशी आली. दीड वाटी हरभरा डाळीला सव्वा वाटी गूळ हे आमच्या घरचं पुरणाचं प्रमाण. यंदा डाळ साडेतीन वाट्या होती. "मावशी, गूळ सव्वाचार वाट्यांच्या जरा आत लागेल," ती म्हणाली. वहीत चार जागा आखलेल्या आणि त्यांवर लाल पेनाने तिरकस गुणाकाराची ठळक फुली. गुणाकार सगळे बरोबर होते. पण मुळात गूळ डाळीपेक्षा कमी. मग साडेतीन वाट्या डाळीला चारच्या वर गूळ कसा?

चूक फुलीच्या आधीच झाली होती. उजवीकडे साडेतीन वाट्या डाळ तिने छेदात, म्हणजे गुळाच्या जागी लिहिली होती. म्हणून माझा आग्रह मांडणीचा.

आधी बोलीतली मापं अपूर्णांकात लिहा. दीड म्हणजे ३/२, सव्वा म्हणजे ५/४, साडेतीन म्हणजे ७/२. 'एक पूर्णांक एक चतुर्थांश' तसाच ठेवून गुणायला गेलं की त्यातला एक हमखास सुटतो.

मग कोऱ्या जागेत शब्दांनी लिहा: वर डाळ, खाली गूळ. हाच क्रम दोन्ही बाजूंना. जे काढायचं ते क्ष.

(३/२) / (५/४) = (७/२) / क्ष

आता तिरकस गुणा. डावीकडचा अंश उजवीकडच्या छेदाशी, डावीकडचा छेद उजवीकडच्या अंशाशी.

३/२ × क्ष = ५/४ × ७/२ = ३५/८

क्ष एकटा उरावा म्हणून दोन्ही बाजूंना ३/२ ने भागायचं, म्हणजेच २/३ ने गुणायचं.

क्ष = ३५/८ × २/३ = ७०/२४ = ३५/१२

म्हणजे दोन पूर्णांक अकरा बारांश. स्वयंपाकघराच्या भाषेत, तीन वाट्या गूळ, पण तिसरी वाटी किंचित उणी.

अपूर्णांकावर अपूर्णांक पाहून बिचकायला होत असेल तर डाव्या बाजूचे अंश आणि छेद दोन्ही ४ ने गुणा. तिथे सरळ ६/५ उरतं. मग ६ × क्ष = ३५/२, आणि उत्तर तेच. मला हीच वाट जास्त आवडते.

फुलीत जादू काही नाही. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना दोन्ही छेदांनी गुणलं, की डावीकडचा छेद डावीकडे उडतो, उजवीकडचा उजवीकडे. मुलांना हे एकदा पूर्ण लिहून दाखवाच. नाहीतर ती २/३ × ४/५ किंवा १/२ + क्ष/३ दिसलं तरी फुली मारतात. फुलीसाठी मध्ये बरोबरचं चिन्ह हवं आणि त्याच्या दोन्हीकडे एकेकच अपूर्णांक हवा.

आपल्याकडे हे गणित 'त्रैराशिक' म्हणून जुनं आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'तल्या एका श्लोकात तीन राशींना नावं आहेत: प्रमाण, फल आणि इच्छा. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या, त्या दोन टोकांना मांडायच्या. फल वेगळ्या जातीचं, ते मध्ये. फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागायचं. पुरणात दीड वाटी डाळ हे प्रमाण, सव्वा वाटी गूळ हे फल, साडेतीन वाट्या डाळ ही इच्छा. भाचीची चूक नेमकी जातीची होती. व्यस्त असेल तर विधी उलटा, हेही त्याच श्लोकात सांगितलंय. मजूर वाढले की दिवस कमी होतात, तिथे ही फुली चालत नाही; मजूर आणि दिवसांचा गुणाकार दोन्ही वेळी सारखा ठेवायचा.

त्याच ग्रंथातलं केशराचं उदाहरण सरावाला घ्या. निष्क हे जुनं नाणं, पल हे वजनाचं जुनं माप. तीन सप्तमांश निष्काला अडीच पलं केशर मिळतं, तर नऊ निष्कांना किती? वर केशर, खाली निष्क:

(५/२) / (३/७) = क्ष / ९

इथे क्ष वर आहे, एवढाच फरक. उत्तर साडेबावन्न पलं यायला हवं.